हवामानवाल्याची बादली

खरं सांगते, मला फक्त बसायचं होतं. त्यापायी दुसऱ्याच माणसाला उभं राहावं लागलं, त्याला मी काय करू?

आता तुम्ही म्हणाल, आजीचं सुरू झालं पुन्हा. आमचे चिरंजीवही तेच म्हणतात. "आई, तू सांगतेस त्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं." मी म्हणते, दे ना सोडून, पण आधी पूर्ण ऐक. निम्मं कुठलं ते कळायला नको?

तर, आमच्या घरासमोरच्या बसथांब्यावर बसायला काही नाही. बस कशी, तर एक बाई तिथं माहेरी जायला म्हणून उभी राहिली, आणि बस येईपर्यंत तिचं माहेरच इकडे राहायला आलं. त्यात माझे गुडघे. डावा हट्टी आहे आणि उजवा त्याच्या नादाला लागलेला. थांब्यावर एक पाटी मात्र आहे: 'येथे लवकरच बाकडे बसवण्यात येईल.' शेजारी आमच्या नगरसेवकाचा हसरा फोटो. त्याला काहीही विचारा, तो 'लवकरच' म्हणतो, म्हणून सगळे त्याला लवकरच म्हणूनच ओळखतात. फोटोत त्याच्या डोक्यावर केस आहेत, यावरून पाटी कधीची ते समजा. मी त्या पाटीला टेकून उभी राहायची. एक दिवस पाटी कलली, तिच्याबरोबर मीही कलले, आणि मनाशी म्हटलं, बास. आता बाकडं आणायचंच.

गेले नगरपालिकेत. फर्निचरवाल्या खिडकीतला म्हणाला, बाकडं जमिनीत रोवणार, म्हणजे ते रस्तेवाल्यांचं. रस्तेवाला म्हणाला, थांबा पदपथावर आहे, आणि पदपथावर बसायचं काम उद्यानवाल्यांचं. उद्यानवाला म्हणाला, आम्ही बाकडं झाडाखालीच बसवतो, झाड कुठाय? मी म्हटलं, लावा मग झाड! तर म्हणे, झाड लावलं की राखायला माळी लागतो, आणि माळ्याला बसायला तिथं आधी बाकडं पाहिजे.

मी खिडकीचा कठडा धरून उभीच. शेवटी त्या कारकुनाला माझी दया आली असावी, किंवा त्याची चहाची वेळ झाली असावी. हळूच म्हणाला, "आजी, आपला माणूस आत पाहिजे. मग बाकडं काय, पलंग मिळेल."

आपला माणूस. हे दोन शब्द घोळवत मी घरी आले. जिना चढत होते तोच वरून आवाज आला, "आजी, सावकाश. पुढच्या पायरीवर घसरण्याची शक्यता नाकारता येत नाही."

पायरी ठणठणीत कोरडी होती. आणि मला माझा माणूस सापडला.

हा आमच्या वरच्या मजल्यावरचा हवामानवाला. रोज सकाळी रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगतो. आवाज असा, की रडकी पोरं गप्प होतात. एकदा माझं दूध उतू जात होतं, तेवढ्यात याचा आवाज आला, आणि दूध पातेल्याच्या काठावर थांबून ऐकत राहिलं. खोटं वाटत असेल तर त्या दुधाला विचारा. सगळं शहर त्याच्यावर जीव टाकतं. आणि का टाकतं? कारण त्याचा अंदाज चुकतो. कधीमधी नाही हं, रोज! बाकीची माणसं कधी चुकतात, कधी बरोबर येतात, त्यांच्यावर कसा भरवसा ठेवणार? हा 'मुसळधार' म्हणाला की लोक गाद्या उन्हात टाकतात. 'निरभ्र' म्हणाला की छत्र्या निघतात. कित्येक वर्षांत आमच्या शहरात कुणी भिजलेलं नाही.

तळमजल्यावर त्याच्या बायकोची लॉन्ड्री. तिचा सगळा धंदा नवऱ्याच्या चुकांवर चाललेला. तो पाऊस म्हणाला की ही चादरी गच्चीवर नेणार, तो ऊन म्हणाला की खाली आणणार. लग्न झाल्यापासून तिनं त्याचा एक शब्द खरा मानला नाही, म्हणून तर संसार सुखाचा चाललाय.

आणखी एक खोड आहे त्याची. तो ठाम काही बोलत नाही. नोकरीला लागला तेव्हा एकदाच म्हणाला होता, "उद्या नक्की ऊन." दुसऱ्या दिवशी असं वादळ झालं, की रेडिओ केंद्राचं छप्पर उडालं आणि मोठे साहेब खुर्चीसकट दोन गावं पलीकडे उतरले. तेव्हापासून याला 'नक्की' म्हणायची दहशत बसली. लग्नाला होकार दिला तोसुद्धा "दाट शक्यता आहे" असा. पोरीच्या बापानं म्हणे तीनदा विचारलं, आणि तीनदा तेच ऐकून शेवटी हॉलचे पैसे भरून टाकले.

तर जिन्यातच मी त्याला गाठलं. "काय रे, निवडणूक आलीय. उभा राहतोस का?"

भाजीची पिशवी सांभाळत तो म्हणाला, "शक्यता नाकारता येत नाही."

झालं! मी फक्त एकाच माणसाला सांगितलं. आता तो माणूस समोरचे हेडमास्तर निघाले, हा काही माझा दोष नाही. हेडमास्तर निवृत्त झालेत, पण आवाज अजून नोकरीवर आहे. दिवेलागणीला आमच्या बाहेरच्या खोलीत अख्खी इमारत जमली.

"चांगली माणसं बाहेर राहतात, म्हणूनच आत असले लोक बसतात," हेडमास्तर म्हणाले. "याला उभा करायचाच!"

आमच्याकडे एक दातांचे डॉक्टर राहतात. ते म्हणाले, "मास्तर, किडक्या दातांच्या रांगेत एक चांगला दात बसवला, तर किडके सुधारत नाहीत. चांगला बिघडतो."

"बिघडला तर तुमचाच फायदा. तुम्ही का रडताय?"

"अहो, पण यांना कुणी विचारलंय का?" दारातून लॉन्ड्रीवाली म्हणाली. हातात इस्त्रीचा शर्ट तसाच.

सगळे हवामानवाल्याकडे वळले. तो बिचारा घसा साफ करून म्हणाला, "या विषयावर मतं विभागलेली राहण्याची शक्यता आहे."

अहो, काय टाळ्या पडल्या! हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, दोन्ही बाजूंचा विचार करतो!"

आमच्या चिरंजीवांना कुठल्याही आनंदात नियम आठवतो. ते म्हणाले, "निकाल लागेपर्यंत उमेदवाराला रेडिओवर बोलता येत नाही. आणि निवडून आला, तर ती नोकरी कायमची सुटली."

हवामानवाल्याचा चेहरा उतरला. हात आपोआप तोंडापुढे गेला, माईक धरल्यासारखा. "म्हणजे मग माघारीचीही शक्यता..." तो म्हणाला. पण तोवर डॉक्टर पक्ष बदलून पोस्टरवर आले होते, आणि त्यावर किती दात दिसावेत याचा वाद पेटला होता. त्याचं बोलणं फक्त मी ऐकलं. आणि माझा एक कान, तुम्हाला माहितीये, थोडा सोयीचा आहे.

अर्ज भरायला आम्ही सगळे गेलो. कारकुनानं विचारलं, "उभे राहताय ना?"

"तसे संकेत मिळतायत."

"संकेत नकोत. हो का नाही?"

"सकाळच्या सत्रात हो. दुपारनंतर बदल संभवतो."

"आत्ता सकाळ आहे!" हेडमास्तर ओरडले, आणि त्याच्या हातात पेन कोंबलं. मागे रांग, पुढे कारकून, बाजूला मास्तर. केली बिचाऱ्यानं सही. मग चिन्हाची पाळी आली. "छत्री की शिट्टी?" कारकुनानं विचारलं. हा म्हणाला, "छत्रीला अनुकूल स्थिती आहे, मात्र शिट्टीही..." हे वाक्य संपेपर्यंत मागच्या दोघांनी छत्री आणि शिट्टी दोन्ही नेली. उरली होती बादली.

मग काय विचारता! लॉन्ड्रीतल्या सगळ्या बादल्या मिरवणुकीला गेल्या. लोक बादल्या डोक्यावर घेऊन निघाले, ते बघून पुढच्या गल्लीतल्या बायकांना वाटलं पाण्याचा टँकर आलाय. त्याही आपापल्या बादल्या घेऊन मागे लागल्या. मिरवणूक अशी वाढत वाढत शहराबाहेरच्या तलावापर्यंत गेली. आता आलोच आहोत तर म्हणून प्रत्येकानं बादली भरून घेतली. तलावातले मासे तेव्हापासून अजून पाठीवरच पोहतात म्हणे, पाणी पुरत नाही त्यांना.

डॉक्टरांनी पोस्टर लावलं ते आमच्याच इमारतीला, वरपासून खालपर्यंत. बत्तीसच्या बत्तीस दात. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी उमेदवाराच्या उजव्या नाकपुडीत आली. मी कढई तापवली की नाकातून धूर निघायचा आणि खाली लोक म्हणायचे, "आज उमेदवार भडकलाय!" विरोधी माणसं त्या वेळेला आमच्या रस्त्यानं जाईनाशी झाली. माझ्या हातच्या भाजीला इतकी राजकीय किंमत याआधी कधी आली नव्हती, आणि घरात तर अजूनही नाही.

आणि सभा? लोक विचारायचे, "पाणी येणार का?" हा म्हणायचा, "तुरळक ठिकाणी." "रस्ते होणार का?" "अंशतः." "लाचखोरी थांबणार का?" "कमी होईल, पण नंतर पुन्हा जोर धरण्याची शक्यता आहे." लोक रडायचे हो, रडायचे! एक म्हातारा काठी आपटत उठला आणि म्हणाला, "एवढी वर्षं मत देतोय, खोटं न बोलणारा आज पहिल्यांदा बघितला!"

तिकडे लवकरचच्या सभेत तो स्वतः आणि मांडववाला. मांडववालासुद्धा पैसे 'लवकरच' मिळणार म्हणून बसून राहिलेला.

इथवर सगळं बरं चाललं होतं. बिघडलं ते रेडिओवर. हवामानवाल्याच्या जागी एक नवीन मुलगी आली. स्वच्छ सांगायची, "आज पाऊस आहे. छत्री घ्या." आणि यायचा की पाऊस! पण लोकांना सवय उलट ऐकायची. ती पाऊस म्हणाली की गाद्या बाहेर पडायच्या. ती ऊन म्हणाली की माणसं रेनकोट घालून घामाघूम. आठवड्यात सगळं शहर शिंकायला लागलं. डॉक्टर एकदा ऐन दात काढताना शिंकले, आणि भलताच दात हातात आला. तरी एक माणूस म्हणेना की मुलीचं बरोबर येतंय, सरळ ऐकू या. सगळे म्हणायचे, "बरोबर येतं हो, पण त्याच्यासारखं नाही."

एक दिवस लॉन्ड्रीवाली माझ्याकडे आली. बसली, उठली, पुन्हा बसली.

"आजी, जरा वर येता?"

"का गं? गुडघ्यांना विचारावं लागेल."

"विचारा. पण या."

गेले. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि बाथरूमचं दार हळूच लोटलं. आत हवामानवाला गुडघ्यांवर बसलेला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, रेडिओवर जाताना असायचा तसा. आणि तोंड रिकाम्या बादलीत. "उत्तरेकडच्या भागात हलक्या सरी," तो बादलीला सांगत होता. "दक्षिणेकडे अंशतः ढगाळ."

"रोज सकाळी," ती कुजबुजली. "त्याच वेळेला. संपलं की बादलीला धन्यवाद म्हणतात."

आम्हाला बघून तो ओशाळला. उठला नाही. "आजी, आवाज छान घुमतो यात," तो म्हणाला. "पण ऐकणारं कुणी नाही." मग बादलीच्या काठावरून बोट फिरवत, "निवडून आलो, तर रेडिओवर परत नाही ना जाता येणार?"

"नाही रे बाबा."

"थोडीफार शक्यता?"

"शक्यतासुद्धा नाही."

त्यानं बादली उचलली आणि पोटाशी धरली. मी जन्मात पुष्कळ माणसं रडताना पाहिलीत, पण पोटाशी बादली धरून न रडणारा माणूस काही बघवत नाही. मी म्हटलं, माझं बाकडं गेलं खड्ड्यात. "चल. आजच्या आज अर्ज मागे घे."

माघारीचा तो शेवटचा दिवस. खिडकी तीच, कारकून तोच. उमेदवारानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, असा नियम.

"माघार घेण्याची दाट शक्यता आहे," हा म्हणाला.

"घेताय?"

"तसा पट्टा तयार होतोय."

"अरे, घेतो म्हण!" मी मागून चिमटा काढला. त्यानं तोंड उघडलं. 'घे' म्हणाला. आणि वर छताकडे बघितलं. ते छप्पर, ते साहेब, ती खुर्ची, सगळं डोळ्यांपुढे आलं असणार. 'तो' काही बाहेर पडेना. कारकुनानं घड्याळ बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

आता एकच मार्ग. पडायचं. पण पडणार कसा? हेडमास्तर आणि डॉक्टरांना सांगावं, तर ते विजयाचे हार मोजत बसलेले. मी हवामानवाल्याला म्हटलं, लोकांना शिव्या दे. त्यानं प्रयत्न केला. "तुम्ही काहीसे मूर्ख असल्याचं चित्र आहे," असं म्हणाला. लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवला.

मग मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. चिरंजीवांनी माझा ताप बघितला. तिसऱ्या दिवशी मी वर गेले आणि हवामानवाल्याच्या कानात एक वाक्य सांगितलं, शेवटच्या सभेत बोलायचं. तो पांढराफटक पडला.

"आजी, छप्पर उडेल."

"मैदानात सभा आहे. छप्परच नाही. म्हणून तर मैदान घ्यायला लावलं मी."

शेवटच्या सभेला मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. मुंग्या खरंच परत जाताना मी पाहिल्या. हेडमास्तरांनी इतकं लांब स्वागत केलं की पुढच्या रांगेतलं एक बाळ चालायला शिकलं. मग हवामानवाला उठला. समोर माईक. कितीतरी दिवसांनी खरा माईक. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. पहिल्याच रांगेत बायको बसली होती, तिच्याकडे बघितलं. आणि म्हणाला,

"मी निवडून येणार. नक्की."

अख्ख्या शहरानं त्याच्या तोंडून 'नक्की' ऐकलं. आणि अख्ख्या शहराला, रोज सकाळी कळतं तसं, कळून चुकलं.

"अरेरे," मागून कुणीतरी म्हणालं. "पडला बिचारा."

"एवढा चांगला माणूस," दुसरी बाई म्हणाली. "पण आता इलाज नाही. बोललाच तो."

लोक उठायला लागले. जाता जाता एकेक जण वर येऊन त्याच्या खांद्यावर थोपटून जायचा, घरी कुणी गेल्यासारखा. तो काठीवाला म्हातारा म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या वेळी बघू." हेडमास्तर माईकवर ओरडत होते, "अहो, मतदान अजून व्हायचंय!" पण ऐकतो कोण? जो माणूस कधीच चुकायचं चुकला नाही, त्याच्या अंदाजाविरुद्ध मत वाया घालवायला लोक वेडे आहेत का? स्वतः हेडमास्तरही घरी जाताना मला म्हणाले, "आजी, मनातून मलाही तसंच वाटतंय."

मतदानाच्या दिवशी हवामानवाला शिक्का घेऊन आत गेला, तो संध्याकाळपर्यंत बाहेरच येईना. 'कल स्पष्ट होत नाही' म्हणत होता. शेवटी दोघांनी उचलून बाहेर आणला, शिक्का कोरडाच. मी? मी लवकरचला दिलं. इतकं सगळं करून गुडघे माझेच आहेत ना.

निकाल लागला. लवकरच निवडून आला, इतक्या मतांनी की तोच घाबरला. आणि बादलीला पडलं एक मत.

एक! इमारतीत नुसता गोंधळ. हेडमास्तर डॉक्टरांकडे बघतात, डॉक्टर हेडमास्तरांकडे. दोघंही शपथा घेतात की नाही हो, आम्ही नाही. आमचे चिरंजीव म्हणाले, "मोजणीत चूक असेल."

हवामानवाला मात्र दुसऱ्या दिवशी रेडिओवर हजर. त्याचा आवाज ऐकून शहराच्या शिंका तिथल्या तिथं थांबल्या. त्या नव्या मुलीला शेजारच्या शहरात मोठ्या जागेवर घेतलं. तिथली माणसं सरळ ऐकतात म्हणे. कसं जगतात कोण जाणे.

आणि बाकडं? लवकरचनं निवडून आल्याबरोबर आधी ते काम केलं. जुनी पाटी काढली आणि नवी, मोठी, लोखंडी पाटी लावली: 'येथे लवकरच बाकडे.' टेकायला पहिलीपेक्षा बरी आहे, खोटं कशाला बोलू.

त्या पाटीला टेकूनच मी बसची वाट बघत होते, तेवढ्यात लॉन्ड्रीवाली रस्ता ओलांडून आली. हातात बादली. तीच, बाथरूममधली. ती माझ्यापुढे उपडी ठेवली. "बसा, आजी. आता ती वर लागत नाही."

बसले. अहो, काय सुख! उंची बरोबर माझ्या गुडघ्यांच्या मापाची. डावासुद्धा कुरकुरला नाही.

"अगं," मी म्हटलं, "ते एक मत तुझं होतं का?"

ती पदराशी चाळा करत उभी राहिली. "कुणाला सांगू नका हं."

"मी कुणाला सांगते?"

"एवढ्या वर्षांत यांनी पहिल्यांदा काहीतरी नक्की म्हणून सांगितलं, आजी. माझ्याकडे बघून सांगितलं. म्हटलं, निदान घरचं तरी एक माणूस असावं."

हे मीसुद्धा विचारात घेतलं नव्हतं. तिच्या एका मतानं माझा सगळा डाव उधळला नाही, हे नशीब.

तेवढ्यात लॉन्ड्रीतल्या रेडिओवर त्याचा आवाज आला. "आज दिवसभर आकाश निरभ्र राहण्याची शक्यता." रस्त्यावर फटाफट छत्र्या उघडल्या. मीही माझी उघडली. गच्चीवर तिच्या पांढऱ्या चादरी ओळीनं वाळत होत्या.

"धाव, धाव! चादरी काढ!" मी म्हटलं.

तिनं वर चादरींकडे बघितलं. मग माझ्या छत्रीत शिरून माझ्याजवळ उभी राहिली.

"राहू दे आज," ती म्हणाली.

पाऊस असा कोसळला, की बस आली ती पोहत आली. चादरी चिंब. आणि छत्रीखाली ती हसत होती.

"भिजल्या गं सगळ्या," मी म्हटलं.

"वाळतील," ती म्हणाली. "नक्की."